भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये गाडी चालवताना: बारा महिन्यांचा खरा हिशेब

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही नोकरीनिमित्त पुण्याहून इंग्लंडमधील रेडिंगला येत आहात, तुमच्याकडे एमएच १२ चे पक्के लायसन्स आहे आणि गेली अकरा वर्षे तुम्ही रोज गाडी चालवता. मित्रांनी तुम्हाला तीन गोष्टी सांगितल्या आहेत: भारतातून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणला की काम भागते, वर्षातून एकदा भारतात जाऊन आले की बारा महिन्यांची सवलत नव्याने सुरू होते, आणि शेवटी भारतीय लायसन्स देऊन ब्रिटिश लायसन्स बदलून घेता येते. तुम्ही विचारता की यांतले खरे काय, परीक्षा द्यावीच लागणार असेल तर अकरा वर्षांच्या अनुभवानंतर शिकवणीवर पैसे घालवायचे का, आणि तीन महिन्यांनी येणाऱ्या पत्नीच्या बाबतीत नियम वेगळा आहे का.

मी गेली सतरा वर्षे बर्कशायर आणि आसपासच्या भागात नोंदणीकृत ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर म्हणून काम करतो. माझ्याकडे येणाऱ्यांत भारतातून नुकत्याच आलेल्या, चांगली गाडी चालवणाऱ्या लोकांचा वाटा मोठा आहे. त्यामुळे मित्रांच्या या तिन्ही गोष्टी मी बहुतेक दर महिन्याला ऐकतो. तिन्ही चुकीच्या आहेत, पण प्रत्येकीत थोडे तथ्य असल्यामुळे त्या टिकून आहेत.

मूळ नियम छोटा आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये, भारतीय लायसन्सधारकाला येथील रहिवासी झाल्यापासून बारा महिने मोटार किंवा मोटारसायकल चालवता येते. त्यासाठी लायसन्स वैध असले पाहिजे आणि त्या प्रकारच्या वाहनाचा उल्लेख त्यावर असला पाहिजे. बारा महिने संपले की ते लायसन्स इथे गाडी चालवण्यासाठी निरुपयोगी ठरते, मग त्यावर आणखी वीस वर्षांची मुदत छापलेली असली तरी. उत्तर आयर्लंडची लायसन्स यंत्रणा वेगळी असल्याने मी इथे फक्त ग्रेट ब्रिटनबद्दल बोलतो आहे.

आता आंतरराष्ट्रीय परवान्याचे पाहू. आपल्याकडे आरटीओकडून मिळणारा हा परवाना एक वर्षाचा असतो, आणि इथली सवलतही एक वर्षाची आहे. दोन्ही मुदती योगायोगाने सारख्या असल्यामुळे सवलत या परवान्यामुळेच मिळते असा समज पसरला आहे. वास्तविक तो परवाना म्हणजे तुमच्या मूळ लायसन्सचे अनेक भाषांतील भाषांतर. महाराष्ट्रातील स्मार्ट कार्डावर सगळी माहिती इंग्रजीत असल्याने इथे त्याची फारशी गरज पडत नाही. भाड्याने गाडी देणाऱ्या काही कंपन्या मात्र तो मागतात. सुट्टीत युरोपात जाऊन गाडी चालवायची असेल तरीही तो जवळ असलेला बरा, म्हणून काढून आणायचा असल्यास जरूर आणा. फक्त त्याने बारा महिन्यांचा एकही दिवस वाढत नाही, हे लक्षात ठेवा.

भारतात जाऊन आल्यावर घड्याळ नव्याने सुरू होते ही समजूत अधिक धोक्याची आहे, कारण तिच्या भरवशावर लोक वर्षानुवर्षे गाडी चालवतात. जो केवळ भेटीला येतो, म्हणजे ज्याचे घर भारतात आहे आणि जो मुलाकडे चार महिने राहून परत जातो, त्याला प्रत्येक भेटीत आलेल्या तारखेपासून मोजणी करता येते. तुम्ही भेटीला येत नाही आहात. घर भाड्याने घेऊन, नोकरी करून, मुलांना शाळेत घालून राहणारा माणूस हा रहिवासी आहे आणि दिवाळीला पंधरा दिवस चिंचवडला गेल्याने त्याचे रहिवासी असणे खंडित होत नाही. रहिवासी झाल्याची तारीख नेमकी कोणती, याचा शिक्का पासपोर्टवर कुणी मारत नाही. म्हणून माझा सल्ला असा असतो की राहण्याच्या हेतूने ज्या दिवशी विमानातून उतरलात तोच पहिला दिवस धरा आणि तारीख वहीत लिहून ठेवा.

लायसन्स बदलून मिळण्याची गोष्ट काही देशांच्या बाबतीत खरी आहे. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जपान, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका, संयुक्त अरब अमिराती अशा मोजक्या देशांची लायसन्से रहिवासी झाल्यापासून पाच वर्षांच्या आत बदलून मिळतात. त्या यादीत भारत नाही. तुमच्या मित्राच्या ओळखीतल्या कुणाला लायसन्स बदलून मिळाले असेल, तर तो बहुधा दुबईत परीक्षा देऊन तिथले लायसन्स मिळवलेला माणूस असेल. तुमच्याकडे केवळ भारतीय लायसन्स असल्यामुळे तुम्हाला थिअरी आणि प्रॅक्टिकल अशा दोन्ही परीक्षा, अठरा वर्षांच्या नवशिक्याला द्याव्या लागतात तशाच, द्याव्या लागतील. अनुभवाची सूट नाही.

इथवरचे कुठेही वाचायला मिळते. माझ्या मते खरी अडचण पुढे आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षात आठव्या-नवव्या महिन्यात येते.

‘बारा महिने आहेत’ हे ऐकून माणूस निश्चिंत होतो. नवी नोकरी, घर शोधणे, मुलांच्या शाळा, बँकेचे खाते या सगळ्यात लायसन्सचे काम मागे पडते, कारण गाडी तर चालवता येतेच आहे. पण प्रॅक्टिकल परीक्षेसाठी एक स्वतंत्र अट आहे: परीक्षेच्या दिवसाआधीच्या बारा महिन्यांत तुम्ही किमान १८५ दिवस ग्रेट ब्रिटनमध्ये राहिलेले असले पाहिजे. म्हणजे पहिले सहा महिने तुम्हाला ही परीक्षा देताच येत नाही. बारा महिन्यांतले निम्मे तिथेच गेले. उरलेल्या निम्म्यात परीक्षेची तारीख मिळवायची, आणि अनेक परीक्षा केंद्रांवर गेली काही वर्षे प्रतीक्षा इतकी लांबली आहे की बुकिंगच्या संकेतस्थळावर पुढच्या २४ आठवड्यांपर्यंतच्याच तारखा दिसतात आणि त्याही पुष्कळदा भरलेल्या असतात.

तारखा घालून पाहा. समजा तुम्ही १ मार्चला उतरलात. १८५ दिवस १ सप्टेंबरला भरतात. ‘आता पात्र झालो, आता बुक करू’ असे म्हणून तुम्ही २ सप्टेंबरला बसलात आणि २४ आठवड्यांनंतरची तारीख मिळाली, तर ती १७ फेब्रुवारीची असेल. त्या दिवशी नापास झालात, तर पुढची परीक्षा किमान दहा कामाचे दिवस गेल्याशिवाय देता येत नाही. म्हणजे ती मार्चमध्ये गेली आणि तुमचे बारा महिने फेब्रुवारीअखेर संपले. पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण इथे निम्म्याच्या आसपासच असते, त्यामुळे दुसऱ्या प्रयत्नासाठी जागा न ठेवणारे वेळापत्रक म्हणजे नाणेफेक आहे.

म्हणून क्रम उलटा लावायचा. आल्यावर घराचा पत्ता पक्का झाला की पहिल्याच महिन्यात प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, लायसन्ससाठी अर्ज करा. त्यासाठी १८५ दिवस आधी राहिलेले असण्याची गरज नाही, इथे किमान तेवढे दिवस राहण्याची परवानगी तुमच्याकडे असली की पुरते, आणि नोकरीच्या व्हिसावर ती असतेच. ऑनलाइन अर्जाचे शुल्क ३४ पौंड आणि डाकेने पाठवल्यास ४३ पौंड आहे. कार्ड हाती आले की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात थिअरी परीक्षा द्या, कारण ती उत्तीर्ण झाल्याशिवाय प्रॅक्टिकलची तारीख घेता येत नाही. थिअरीचा निकाल दोन वर्षे चालतो, त्यामुळे ती लवकर दिल्याने काहीही नुकसान नाही. थिअरी झाली त्याच संध्याकाळी प्रॅक्टिकल बुक करायला बसा आणि १८५ दिवस पूर्ण झाल्यानंतरची, म्हणजे वरच्या उदाहरणात सप्टेंबर-ऑक्टोबरमधली, तारीख जूनमध्येच घेऊन ठेवा. प्रतीक्षेचा काळ आणि १८५ दिवसांचा काळ असे एकाच वेळी सरकू दिले, तर हातात चार-पाच महिने राहतात आणि दोन किंवा तीन प्रयत्न सहज बसतात. तारीख बदलायची झाल्यास ती किमान दहा पूर्ण कामाचे दिवस आधी बदलावी लागते, नाहीतर शुल्क बुडते. ते शुल्क आठवड्याच्या दिवशी ६२ पौंड आणि संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी ७५ पौंड आहे.

या हिशेबात परिस्थितीनुसार फरक पडतो, हे मान्य केले पाहिजे. प्रतीक्षा केंद्रागणिक बदलते. लंडनच्या परिघातली केंद्रे नेहमी गजबजलेली असतात, तर दूरच्या लहान गावात तारीख लवकर मिळू शकते. पण अनोळखी गावच्या रस्त्यांवर परीक्षा देण्याची किंमत वेगळीच असते. शिवाय मधल्या काळात तुम्ही दोन महिने भारतात राहिलात, तर १८५ दिवसांची मोजणी तेवढी पुढे ढकलली जाते, बारा महिन्यांची मात्र ढकलली जात नाही. बाळंतपणासाठी किंवा वडिलांच्या आजारपणासाठी मायदेशी जावे लागलेल्या काही जणांना मी या दोन मोजण्यांच्या मध्ये अडकलेले पाहिले आहे आणि त्यांच्यासाठी कुठलीही पळवाट मला सापडलेली नाही.

इथे एक शंका हमखास येते: प्रोव्हिजनल लायसन्स घेतले की आपण शिकाऊ ठरतो का, मग गाडीला एलची पाटी लावून शेजारी कुणाला बसवावे लागते का? तुमच्या पहिल्या बारा महिन्यांत नाही. त्या काळात तुमचे भारतीय लायसन्स तुम्हाला पूर्ण अधिकार देते, आणि केवळ प्रोव्हिजनल कार्ड हाती आल्याने तो अधिकार जात नाही. तुम्ही एकटे चालवू शकता, मोटारवेवरही, म्हणजे इथल्या द्रुतगती महामार्गावरही, जाऊ शकता. भीतीपोटी अर्ज लांबवणारे लोक मला भेटतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो. तुमचे भारतीय लायसन्सही कुणी काढून घेत नाही, ते तुमच्याकडेच राहते.

बारा महिन्यांत उत्तीर्ण झाला नाहीत, तर मात्र दुसऱ्या दिवसापासून तुम्ही खरोखर शिकाऊ असता. एलची पाटी लावावी लागते आणि शेजारी असा माणूस लागतो, ज्याचे वय २१ पेक्षा जास्त आहे आणि ज्याच्याकडे ब्रिटनचे किंवा युरोपीय संघासारख्या मान्य देशांचे पूर्ण लायसन्स किमान तीन वर्षे आहे. तुमच्यासारखाच दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेला सहकारी, तो कितीही सराईत असला तरी, या व्याख्येत बसत नाही. मोटारवेवर तर शिकाऊ माणसाला केवळ दुहेरी नियंत्रणे असलेल्या गाडीत, इन्स्ट्रक्टरसोबतच जाता येते. रोज एम ४ या मोटारवेवरून कामाला जाणाऱ्याची याने किती पंचाईत होते, हे सांगायला नको.

आणि तरीही लोक चालवतात. ‘पोलीस कुठे अडवतात इथे?’ असे मला विचारले जाते. इथे नाक्यावर उभे राहून कागद तपासणारा हवालदार क्वचितच दिसतो, हे खरे आहे. पण गाडीला विमा आहे की नाही हे नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्यांवरून कळते, आणि लायसन्सचा प्रश्न शेवटी विम्यापाशीच येऊन ठेपतो. पॉलिसी घेताना तुम्ही लायसन्स कोणते आणि किती काळापासूनचे हे सांगता. ज्याला गाडी चालवण्याचा अधिकारच उरलेला नाही, त्याला बहुतेक पॉलिसी संरक्षण देत नाहीत. १९८८ च्या रोड ट्रॅफिक कायद्यात योग्य लायसन्सविना चालवणे आणि विम्याविना चालवणे हे दोन वेगळे गुन्हे आहेत, आणि पहिला करणारा पुष्कळदा नकळत दुसराही करून बसतो. विम्याविना सापडल्यास जागच्या जागी ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर ६ दंडगुण (पेनल्टी पॉइंट) लागू शकतात, प्रकरण न्यायालयात गेल्यास त्याहून अधिक, आणि पोलीस गाडी ताब्यात घेऊ शकतात. ब्रिटिश लायसन्स नसले तरी नावावर नोंद तयार होते.

दंडापेक्षाही अपघाताचा विचार करा. विमा कंपनीला तिसऱ्या पक्षाची भरपाई कायद्याने द्यावी लागली, तरी ती रक्कम नंतर ती तुमच्याकडून वसूल करू शकते. गाडीचा किरकोळ पोचा एक गोष्ट, पण एखाद्या सायकलस्वाराला कायमचे अपंगत्व आले, तर ती रक्कम आयुष्यभर फिटणार नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने विम्याच्या तुलनेचा ऑनलाइन फॉर्म घाईत भरताना लायसन्सच्या रकान्यात ‘पूर्ण ब्रिटिश’ असे निवडले होते. त्याच्या मनात लबाडी नव्हती, यादीत तोच पर्याय पहिला होता इतकेच. मागून कुणीतरी त्याच्या गाडीला धडक दिली, चूक पूर्णपणे त्या दुसऱ्या चालकाची होती, तरीही त्याच्या स्वतःच्या विमा कंपनीने माहिती खोटी म्हणून पॉलिसी रद्द केली. त्यानंतर प्रत्येक नव्या कंपनीला ‘याआधी पॉलिसी रद्द झाली आहे का’ या प्रश्नाचे खरे उत्तर देताना त्याला जो हप्ता पडला, तो पाहून त्याने गाडीच विकली. म्हणून लायसन्सचा प्रकार सांगताना भारतीय ते भारतीयच सांगा, हप्ता जास्त आला तरी. उत्तीर्ण झालात की त्याच दिवशी कंपनीला कळवा. भारतातला नो क्लेम बोनस बहुतेक कंपन्या मोजत नाहीत, पण पत्र जवळ ठेवून विचारायला हरकत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो: अकरा वर्षे चालवणाऱ्याला शिकवणी कशाला? कायद्याने ती सक्तीची नाही. तुम्ही एकही धडा न घेता परीक्षेला बसू शकता. मी स्वतः तेच केले होते. कोल्हापुरात सात वर्षे चालवून आलो होतो, घाटात चालवलेली, पावसात चालवलेली, त्यामुळे मला कोण शिकवणार अशा थाटात गेलो आणि चाळीस मिनिटांत नापास होऊन आलो. परीक्षकाने अतिशय सभ्यपणे सांगितले की तुमचे गाडीवरचे नियंत्रण छान आहे, पण तुम्ही आरसा पाहता की नाही हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

त्या वाक्यात सगळे आले. भारतातून आलेला अनुभवी चालक क्लच, गिअर, चढावर गाडी उचलणे यांत कधीच अडकत नाही. तो पाहण्यात अडकतो. आपल्याकडे गाडी चालवताना सगळे लक्ष पुढच्या अर्धवर्तुळात असते. मागून येणारा हॉर्न वाजवून आपली जबाबदारी स्वतः घेतो, असा आपला अलिखित करार आहे आणि पुण्याच्या रस्त्यावर तो बऱ्यापैकी चालतोही. इथे हॉर्न वाजत नाही. मागे आणि बाजूला कोण आहे हे तुम्हीच दर काही सेकंदांनी जाणून घ्यायचे असते. वेग बदलण्याआधी, दिशा बदलण्याआधी, इंडिकेटर देण्याआधी आरसा, आणि कडेला थांबलेली गाडी हलवताना मान वळवून खांद्यावरून नजर. ही साखळी ज्याच्या अंगवळणी नाही, त्याच्या चुका चाळीस मिनिटांत भराभर साचतात. परीक्षेत किरकोळ चुका १५ पर्यंत चालतात, पण एक गंभीर चूक झाली की सगळे संपते, आणि तीच किरकोळ चूक वारंवार झाली की परीक्षक तिला गंभीर ठरवू शकतो.

दुसरी जागा राउंडअबाउटची, म्हणजे गोल चौकाची. नियम सोपा आहे, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. परंतु आपल्याकडे चौकात नाक खुपसून जागा मिळवायची सवय असते, आणि ती सोडायला लावली की माणूस दुसऱ्या टोकाला जातो व मोकळा रस्ता असतानाही थांबून राहतो. अकारण थांबणे हीसुद्धा इथे चूक धरली जाते. त्यात आत शिरण्यापूर्वी योग्य लेन निवडायची आणि शेवटपर्यंत तीत राहायचे. रेडिंगच्या आसपास मोठी राउंडअबाउट भरपूर आहेत, त्यामुळे सरावाला वाण पडणार नाही.

दिवे दाखवण्याचा अर्थही उलटा आहे. आपल्याकडे समोरच्याने अप्पर मारला तर ‘मी येतोय, थांब’ असा त्याचा अर्थ. इथे लोक बहुतेक वेळा ‘तुम्ही या’ म्हणून दिवे दाखवतात. हायवे कोड या इथल्या रस्ता-नियमांच्या पुस्तिकेप्रमाणे मात्र दिव्यांचा अर्थ ‘मी इथे आहे’ एवढाच आहे, म्हणून परीक्षेत केवळ दिव्यांवर विसंबून पुढे जाऊ नका, रस्ता स्वतः पाहून जा. २९ जानेवारी २०२२ पासून हायवे कोडमध्ये झालेले बदलही नीट वाचा. तुम्ही बाजूच्या रस्त्यात वळत असताना तो रस्ता ओलांडण्यासाठी थांबलेल्या पादचाऱ्याला आधी जाऊ द्यावे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. पायी चालणाऱ्याने गाडीला वाट द्यायची या संस्कारात वाढलेल्या आपल्या डोळ्याला तो थांबलेला माणूस दिसतच नाही.

वेगाच्या बाबतीत आपले लोक क्वचित नापास होतात, आणि झालेच तर हळू चालवल्यामुळे. दिव्यांचे खांब असलेल्या वस्तीच्या रस्त्यावर पाटी नसली तर ३० मैल ही मर्यादा धरायची असते. वेल्समध्ये अशा रस्त्यांवर ती सप्टेंबर २०२३ पासून २० मैल आहे. वस्तीबाहेरच्या, मधे दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ६० ची मर्यादा असताना ३५ ने रेंगाळणारा चालकही परीक्षकाला खटकतो.

या सगळ्यासाठी नवशिक्यासारखी चाळीस-पन्नास तासांची शिकवणी लागत नाही. माझा अनुभव असा की सराईत भारतीय चालकाला दोन-दोन तासांचे चार ते सहा धडे पुरतात, पण ते परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घेऊन उपयोग नाही. पहिला धडा आल्यावर महिन्या-दोन महिन्यांतच घ्या आणि फक्त चुका दाखवायला सांगा. नंतर रोजच्या गाडीवर सहा महिने त्याच गोष्टी घोटा, कारण तुम्हाला एकट्याने चालवण्याची मुभा आहे आणि नवशिक्याला न मिळणारी ही मोठी सोय आहे. शेवटचे दोन-तीन धडे परीक्षा केंद्राच्या परिसरात घ्या. हा क्रम उलटला, म्हणजे सहा महिने जुन्याच पद्धतीने चालवून मग इन्स्ट्रक्टरकडे गेलात, तर इथल्या रस्त्यांवर जुनी सवय आणखी पक्की झालेली असते. इन्स्ट्रक्टर निवडताना समोरच्या काचेवरचा बिल्ला पाहा: हिरवा अष्टकोनी बिल्ला पूर्ण पात्र इन्स्ट्रक्टरचा, गुलाबी त्रिकोणी शिकाऊ इन्स्ट्रक्टरचा असतो.

परीक्षा स्वतःच्या गाडीतून देता येते. त्यासाठी परीक्षकाच्या बाजूला जादा आतला आरसा, एलच्या पाट्या आणि परीक्षेलाही लागू होणारा विमा हवा. ऑटोमॅटिक गाडीत उत्तीर्ण झालात तर लायसन्स ऑटोमॅटिकपुरतेच मिळते, हे ठरवूनच गाडी निवडा. तुमचा हात मॅन्युअलवर बसलेला असेल तर मॅन्युअलमध्येच द्या.

थिअरीबद्दल थोडेच सांगतो. ५० प्रश्नांपैकी ४३ बरोबर हवेत आणि वेळ ५७ मिनिटांचा असतो. त्यानंतर धोका ओळखण्याच्या १४ चित्रफिती असतात, त्यांत ७५ पैकी ४४ गुण लागतात. प्रश्नांत आपली हुशार मंडळी सहज तरतात आणि चित्रफितींत घसरतात, कारण धोका दिसताच घाबरून भराभर क्लिक केले की संगणक ते फसवणूक समजतो आणि त्या फितीला शून्य देतो. पूर्वी इतर काही भाषांत प्रश्न ऐकण्याची सोय होती, ती एप्रिल २०१४ मध्ये बंद झाली. आई-वडिलांसाठी कुणी विचारत असेल तर हे आधी सांगून ठेवा.

उत्तीर्ण झाल्यावर पहिल्या दोन वर्षांत ६ दंडगुण लागले की लायसन्स रद्द होते आणि दोन्ही परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. चालवताना हातात मोबाइल धरल्याचे एकट्याचे ६ दंडगुण आहेत. भारतातला अकरा वर्षांचा अनुभव इथेही मोजला जात नाही, या कायद्याच्या दृष्टीने तुम्ही नवे चालकच असता.

राहता राहिला पत्नीचा प्रश्न. त्यांचे बारा महिने त्या इथे राहायला आल्याच्या दिवसापासून स्वतंत्रपणे मोजले जातात, तुमच्या तारखेशी त्यांचा संबंध नाही. तुम्ही लिहिले आहे की त्यांनी नाशिकला असताना लायसन्स काढले, पण लग्नानंतर गाडी फारशी चालवलेली नाही. कायद्याने त्या पहिल्या दिवसापासून चालवू शकतात. मी त्यांना तसे करू देणार नाही, निदान चार-पाच धडे होईपर्यंत तरी नाही. त्यांच्यासाठी ऑटोमॅटिकचा विचारही अवश्य करा. आणखी दोन गोष्टी निघण्यापूर्वीच पाहा. त्यांचे लायसन्स माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने असेल, तर विमा कंपनी आणि गाडी भाड्याने देणारे दोघेही अडून बसतात, आणि आपल्या नावांतला मधला शब्द कधी वडिलांचा तर कधी नवऱ्याचा का असतो हे इंग्लंडमधल्या कॉल सेंटरला फोनवर समजावणे फार कठीण जाते. त्यामुळे नाव सारथी पोर्टलवरून बदलून घ्या किंवा विवाह नोंदणीचा दाखला सोबत आणा. दुसरे म्हणजे त्यांच्या लायसन्सची मुदत येत्या नोव्हेंबरात संपते आहे असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. भारतीय लायसन्सची मुदत संपली की इथली सवलतही त्याच दिवशी संपते, मग बारा महिन्यांतले आठ शिल्लक असले तरी. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो. तेव्हा त्या विमानात बसण्यापूर्वी नवे कार्ड त्यांच्या हातात असू द्या.